दया वेगळी, समान मोल वेगळे

नाताळच्या आदल्या आठवड्यात कोल्हापुरातील एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात तांदूळ, साखर आणि ब्लँकेटे वाटली जात होती. रांगेतल्या एका बाईंनी आपली पिशवी घेतली आणि मग पदराआडचा स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. आत करंज्या होत्या. वाटप करणाऱ्या भाऊंनी डबा हसतच परत केला: “र्‍हाऊ द्या मावशी, तुमच्या पोरास्नी हुतील.” बोलण्यात तुच्छता अजिबात नव्हती, कळवळाच होता, तरीही बाईंचा चेहरा उतरला. ख्रिस्ती उपदेशात एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या दोन गोष्टी, दया आणि सर्व माणसांचे समान मोल, एकमेकींपासून किती दूर राहू शकतात, हे त्या परत गेलेल्या डब्यात दिसले.

दयेचे कारण समोरच्याची गरज हे असते. भूक भागली, आजार बरा झाला की तिचे काम संपते. समान मोलाचे कारण गरजेत नाही. बायबलातील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, नर व नारी अशी निर्माण केली, असे सांगितले आहे. तिथे कुळ, धंदा, शिक्षण, धर्मनिष्ठा यांपैकी कशाचीही अट घातलेली नाही. त्यामुळे हे मोल कोणी कोणाला देत नाही आणि काढूनही घेऊ शकत नाही. (समान मोल म्हणजे सर्वांच्या अंगी सारखेच गुण, असाही अर्थ होत नाही, एका शरीराचे अवयव वेगवेगळे, हा प्रेषित पौलाचा दृष्टांत त्यासाठी पुरेसा आहे.)

गल्लत होते ती अशी, की बाहेरून कृती एकच दिसते. तांदूळ दयेनेही देता येतो आणि बरोबरीच्या नात्यानेही. म्हणून देणाऱ्या हाताकडे पाहून फरक कळत नाही. त्याच माणसाच्या हातून आपण काही घेतो का, हे पाहावे लागते. लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसाला वाचवणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा, येशूने सांगितलेला दाखला आपण दयेचा धडा म्हणून वाचतो आणि वाचताना स्वतःला नकळत त्या शोमरोन्याच्या जागी ठेवतो. वास्तविक येशूसमोर बसलेल्या यहूदी श्रोत्यांना शोमरोनी हे भ्रष्ट आणि दूर ठेवण्याजोगे लोक वाटत. याजक व लेवी (मंदिराचा सेवक) न थांबता निघून गेल्यावर जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणारा हात अशा माणसाचा निघाला, म्हणजे श्रोत्यांना रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाच्या जागी जाऊन बसावे लागले. त्या काळच्या ऐकणाऱ्याला खरे बोचले असेल ते हेच, असे माझे मत आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तर येशू स्वतःच याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो. तिला त्याचे नवल वाटते, कारण यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तो तिला पुढे जे देतो ते मोठे आहे, पण बोलण्याची सुरुवात तिच्याजवळ मागण्याने होते.

कोल्हापूरच्या माणसाला ही विहीर परकी वाटू नये. सरकारी पागेतील गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना भांडवल दिले आणि त्यातून चहाचे हॉटेल निघाले. तेवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती एका राजाची दया ठरली असती. पण महाराज हॉटेलासमोर गाडी थांबवून कांबळ्यांच्या हातचा चहा घेत आणि सोबतच्यांनाही घ्यायला लावत. महाराज ख्रिस्ती नव्हते आणि त्यांची कृती ख्रिस्ती शिकवणीच्या खात्यावर मांडणे लबाडीचे होईल. फरक मात्र याहून स्वच्छ दाखवणारे उदाहरण मला गावात दुसरे माहीत नाही. भांडवलाशिवाय तो चहा झाला नसता, हेही खरेच. दयेला कमी लेखण्याचे म्हणूनच कारण नाही.

ख्रिस्ती इतिहासातले असेच एक उदाहरण केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून शेकडो मुली-बायांना मुक्ती मिशन या आपल्या आश्रमात आणले. तिथल्याच बायका पुढे छपाईचे खिळे जुळवायला आणि छापायला शिकल्या, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकमधून केलेला पवित्र शास्त्राचा (बायबलचा) मराठी अनुवाद त्यांच्या छापखान्यातून १९२४ मध्ये संपूर्ण बाहेर पडला. ज्यांना भाकर देऊन वाचवले, त्यांच्याच हातून वाचकांनी शास्त्र घेतले.

मंडळीत ही गोष्ट बिघडते ती बहुधा बसण्याच्या आणि जेवण्याच्या ठिकाणी. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या वस्त्रातल्या गरिबाला पायांजवळची, असा भेद करणाऱ्यांना याकोबाच्या पत्राने ‘दुष्ट विचारांचे न्यायाधीश’ ठरवले आहे. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र जेवण्याच्या, वेळी एक भुकेला राही आणि दुसरा पिऊन तर्र होई. पौलाने तिथे तुम्ही दान कमी करता असे म्हटले नाही. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असे म्हटले.

म्हणून नाताळचे वाटप बंद करावे असे कोणी सुचवू नये. भुकेल्याला दिलेले मला दिले, असे येशूने मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात म्हटले आहेच. रांगेत उभ्या राहणाऱ्या घरांतली किती माणसे मंडळीच्या पंचकमिटीत आहेत, उपासनेत शास्त्रपाठ वाचायला कोणाला उभे केले जाते, अर्पण मोजायला कोण बसते, आणि फराळाच्या टेबलावर कोणाचे डबे उघडले जातात, हे प्रश्न वाटपाच्या वहीत येत नाहीत. ते कमिटीच्या बैठकीत मुद्दाम विचारावे लागतात. त्या दिवशी कोणी विचारले नाही, आणि बाई डबा पुन्हा पदराआड धरून दसरा चौकाच्या दिशेने चालत गेल्या.