ओळीच्या शेवटचा न्यूलाइन

सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत फाइलमधून ओळ वाचायची तर एफगेट्स हे फंक्शन वापरा, असं आज कोणीही सांगेल. पाठोपाठ दुसरी सूचनाही ठरलेली असते: शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) राहतो, तो काढून टाका. काढण्याच्या तऱ्हा भरपूर सापडतात. तो तिथे राहतोच का, हे मात्र क्वचित कोणी सांगतं.

१९७९ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीबरोबर जी इनपुट-आउटपुट लायब्ररी आली, तीच थोड्याफार फरकाने आपण अजून वापरतो. तिच्यात ओळ वाचणारी दोन फंक्शनं होती. गेट्स फक्त स्टँडर्ड इनपुटवरून (सहसा कीबोर्डवरून) वाचायचं, बफर, म्हणजे वाचलेलं ठेवायची जागा, केवढा आहे हे विचारायचंच नाही आणि न्यूलाइन टाकून द्यायचं. एफगेट्स कुठल्याही फाइलमधून वाचायचं, बफरचा आकार मागायचं आणि न्यूलाइन जसाच्या तसा ठेवायचं. एका घरात दोन रीती कशा, याचा खुलासा तेव्हाच्या मॅन्युअलमध्ये जेमतेम एका वाक्यात आहे: जुन्या प्रोग्रॅमशी जुळतं घेण्यासाठी. लिहिणाऱ्यालाही ते फारसं पटलेलं नसावं, असा त्या वाक्याचा सूर आहे.

पण जुन्याशी जुळवण्यासाठी राहिलेला हा न्यूलाइन फार कामाचा निघाला. बफर ८० चा असेल तर एफगेट्स एका वेळी जास्तीत जास्त ७९ बाइट उचलतं; शेवटची जागा मजकूर संपल्याची खूण असलेल्या शून्य बाइटसाठी. ओळ १०० बाइटची असली तर पहिल्या खेपेला ७९ येतात, दुसऱ्या खेपेला उरलेले २१ आणि न्यूलाइन. पहिल्या खेपेला आलेला तुकडा आहे की अख्खी ओळ, हे कशावरून ओळखायचं? न्यूलाइन आहे की नाही, यावरूनच. ती पोच-पावती आहे. आपण मात्र ती न वाचताच फाडायला शिकवतो. पावती नसेल तर एक तर ओळ बफरपेक्षा मोठी आहे, नाही तर फाइल न्यूलाइनविनाच संपली आहे.

या दुसऱ्या शक्यतेपाशी ‘ओळ’ या शब्दाचाच गुंता आहे. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणाने (स्टँडर्डने) ओळीची व्याख्या केली: शून्य किंवा अधिक अक्षरं आणि शेवटी न्यूलाइन. मग ज्या फाइलच्या शेवटी न्यूलाइन नाही तिथला उरलेला मजकूर ओळ धरायचा की नाही? ते प्रमाणाने ज्या त्या अंमलबजावणीवर सोडून दिलं. एवढंच नाही, न्यूलाइनच्या लगेच आधी लिहिलेल्या रिकाम्या जागा परत वाचताना मिळतीलच, याचीही हमी दिली नाही. आज हे विचित्र वाटतं, पण तेव्हा ठरावीक लांबीच्या नोंदी ठेवणारी यंत्रं वापरात होती. तिथे ओळ म्हणजे उरलेली जागा स्पेसने भरलेली पट्टी, मग खरी स्पेस कुठली आणि भरतीची कुठली हे कळणार कसं? प्रमाण ठरवणाऱ्या समितीने सगळ्यांना सांभाळून घेतलं. हमी दिली ती फक्त न्यूलाइन धरून २५४ अक्षरांच्या ओळीची. हा आकडा किती जणांनी पाहिला असेल, देव जाणे.

हेच सांभाळून घेणं गेट्सच्या बाबतीत महागात पडलं. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर जो वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) पसरला, त्याची एक वाट फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेतून जात होती. तिथे गेट्सपुढे ५१२ बाइटचा बफर होता आणि वर्मने ५३६ बाइट पाठवले; आकार न विचारणाऱ्या गेट्सने ते बफरबाहेरही लिहिले. त्यानंतर पुढच्याच वर्षी आलेल्या प्रमाणात गेट्स होतंच. १९९९ च्या आवृत्तीतही राहिलं. समर्थन असं की ते सर्रास वापरलं जातं, आणि इनपुट प्रोग्रॅमरच्या ताब्यात असेल तेव्हा सोयीचं पडतं. एरवी एफगेट्स बरं. इनपुट प्रोग्रॅमरच्या ताब्यात नसतं, हे तर वर्मने दाखवून दिलं होतं. २००७ च्या दुरुस्तीत गेट्सवर ‘कालबाह्य’ असा शिक्का बसला आणि २०११ मध्ये ते निघालं. म्हणजे दाखला मिळाल्यावर तेवीस वर्षांनी.

आमच्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलात ते त्याच्याही नंतर दिसत होतं. टर्बो सी या जुन्या कम्पायलरच्या निळ्या स्क्रीनवर प्रॅक्टिकल उरकलेल्यांना दुसरी एक सवयही आठवेल: ‘फाइल संपली नाही तोवर’ असा व्हाइल लूप, आणि आउटपुटमध्ये शेवटची ओळ दोनदा. पास्कल या भाषेत फाइल संपली का हे वाचण्याआधीच विचारता येतं. सीमध्ये वाचायला गेलं आणि हाती काही लागलं नाही की मगच ते कळतं. लूप पास्कलच्या वळणाचा, भाषा सी.

बफर केवढा ठेवायचा, हा प्रश्न गेटलाइन या फंक्शनने सोडवला. ते लागेल तशी मेमरी स्वतः वाढवून घेतं आणि किती बाइट वाचले तेही सांगतं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या लायब्ररीत ते आधीपासून होतं, २००८ च्या पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या प्रमाणात) दाखल झालं. लगेच वेगळाच घोटाळा उभा राहिला. १९७८ च्या ज्या पुस्तकावरून दोन पिढ्या सी शिकल्या, त्यात उदाहरणादाखल लिहिलेल्या फंक्शनचं नावही गेटलाइनच होतं. ते उतरवून घेतलेले प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर नावाच्या टकरीमुळे कम्पाइल होईनात. सीच्या मूळ प्रमाणात गेटलाइन अजूनही नाही, सी-२३ या आवृत्तीतही नाही. आणि न्यूलाइन? तो गेटलाइननेही ठेवलाच आहे.

एफगेट्सचं मोजमाप अक्षरांत नाही, बाइटमध्ये चालतं, हे मराठी मजकूर वाचताना लगेच अंगावर येतं. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण, मात्रा, प्रत्येकी तीन असे बारा बाइट. बफर बाराचा दिला तर एफगेट्स अकराच उचलतं, कारण शेवटची जागा शून्य बाइटची. स्क्रीनवर ‘पुण’ उमटतं आणि पुढे प्रश्नचिन्हाची चौकट. मात्रेचा उरलेला एक बाइट पुढच्या खेपेच्या सुरुवातीला येतो आणि त्याच्यामागून न्यूलाइन.