फ्लॉपीत मावणारी सिस्टीम रास्पबेरी पायपर्यंत कशी आली

लॅमिंग्टन रोडवर (पाटीवरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते कोण म्हणतं!) रास्पबेरी पाय (तळहाताएवढा, एकाच बोर्डवरचा कंप्युटर) किंवा तसलाच एखादा बोर्ड घेतला, की सोबत मेमरी कार्ड घ्यावंच लागतं. बोर्ड वर्षानुवर्षं चालतो. आधी दगा देतं ते कार्ड. नेहमीची लिनक्स, म्हणजे बोर्ड चालवणारी खुली ऑपरेटिंग सिस्टीम, त्या कार्डावर दिवसभर काही ना काही लिहीत असते: लॉग, तात्पुरत्या फायली, पॅकेजच्या याद्या. नेमकं लिहिणं चालू असताना लाइट गेली, तर फाइल सिस्टीम बिघडते आणि बोर्ड बूटच होत नाही. मुंबई शहराला भारनियमनाची सवय नाही, तरी १२ ऑक्टोबर २०२० ची, शहराची वीज गेली ती सकाळ बहुतेकांना आठवत असेल. कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना अशी तारीख सांगायची गरजच नाही.

या दुखण्यावर जाणकार हमखास सुचवतात तो उपाय म्हणजे अल्पाइन लिनक्ससारखी आटोपशीर सिस्टीम. सुरू होताना तिने कार्ड एकदा वाचायचं, सगळा संसार रॅममध्ये मांडायचा आणि मग कार्डाला हात लावायचा नाही. ही युक्ती आजच्या बोर्डांसाठी कुणी मुद्दाम शोधलेली नाही. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत जागा पुरत नव्हती, त्या अडचणीतून ती जन्मली. फ्लॉपी गेली, युक्ती राहिली.

१९९५ साली डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या कामात असलेल्या ब्रूस पेरेन्स यांना एकाच फ्लॉपीवरून बूट होणारी, मशीन दुरुस्त करू शकणारी आणि डेबियन बसवू शकणारी सिस्टीम हवी होती. युनिक्सच्या (लिनक्स जिच्या धर्तीवर बेतली त्या जुन्या सिस्टीमच्या) रिवाजाप्रमाणे प्रत्येक आज्ञेसाठी स्वतंत्र प्रोग्राम ठेवला, तर ते सगळे मिळून फ्लॉपीबाहेर जातात, कारण प्रत्येकात तोच तो कोड पुन्हा येतो. म्हणून त्यांनी बिझीबॉक्स लिहिला. फाइल एकच, नावं अनेक. ‘एलएस’ या नावाने हाक मारली की ती यादी दाखवते, ‘सीपी’ म्हटलं की प्रत काढते. पुढे एरिक अँडरसन यांनी तो वाढवला आणि राउटर, मोडेम, सेट-टॉप बॉक्स अशा असंख्य डब्यांमध्ये तो जाऊन बसला. २००० नंतरच्या दशकात मुंबईच्या घरोघरी ब्रॉडबँडचे एडीएसएल मोडेम आले, त्यांतल्या बऱ्याच मोडेमच्या आत लिनक्स आणि बिझीबॉक्स हीच जोडी होती. लिनक्स म्हणजे काय हे ज्यांनी कधी ऐकलं नाही, त्यांच्याही कपाटावर ती चोवीस तास चालू होती.

फ्लॉपीएवढ्या सिस्टीमचं मोल मुंबईत आणखी एका कारणाने कळण्यासारखं होतं. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत आणि आयआयटीत एर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्यामुळे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ईमेल होती, पण ती संशोधकांपुरती. सामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, आणि सुरुवातीचा डायल-अप वेग होता ९.६ केबीपीएस. हिशेब करून बघा. लाइन मध्येच तुटली नाही असं धरलं, तरी फ्लॉपीएवढी फाइल उतरवायला सुमारे वीस मिनिटं आणि ६५० एमबीची सीडी उतरवायला साडेसहा दिवस! म्हणून पूर्ण लिनक्स यायची ती मासिकासोबतच्या सीडीवर किंवा मित्राच्या मित्राकडून. त्या काळातल्या स्वस्त शेल खात्यांवर चित्रं दिसत नसत, नुसती अक्षरं. लाइनीच्या पलीकडच्या टोकाला युनिक्स असायचं. आज काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला न बिचकणारे पन्नाशीच्या आसपासचे काही मुंबईकर तिथेच तयार झाले.

फ्लॉपीचा पुढचा मोठा उपयोग राउटरचा. डेव्ह सिनेज यांच्या लिनक्स राउटर प्रोजेक्टने दाखवून दिलं, की भंगारात निघालेलं ३८६ किंवा ४८६ मशीन, दोन नेटवर्क कार्डं आणि एक फ्लॉपी एवढ्यात ऑफिसचा राउटर होतो. हार्ड डिस्क नकोच. फ्लॉपीवरचा दाबून भरलेला मजकूर रॅममध्ये उलगडायचा आणि तिथूनच चालायचं. सेटिंग बदललं तर मुद्दाम बॅकअप घेऊन ते फ्लॉपीवर लिहायचं, नाहीतर मशीन बंद होताच बदल गेला. एरवी फ्लॉपीची राइट-प्रोटेक्टची खिडकी उघडी ठेवली की तिच्यावर कुणालाच काही लिहिता येत नसे, घुसखोरालासुद्धा. त्याने रॅममध्ये घातलेला धिंगाणा मशीन पुन्हा सुरू केलं की साफ.

हा प्रकल्प थंडावल्यावर त्याचा वारसा लीफ या प्रकल्पाने चालवला आणि तिथे वाद उभा राहिला तो जागेचाच. लीफमधल्या मंडळींना सिस्टीम एका फ्लॉपीतच बसायला हवी होती. नातानाएल कोपा यांना स्क्विड (वेब पानं साठवून देणारं) आणि सांबा (नेटवर्कवर फायली वाटून देणारं) यांसारखी जड पॅकेजं हवी होती, नवा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, हवा होता, सुरक्षेची अधिक तजवीज हवी होती. २००५च्या सुमारास ते वेगळे झाले आणि अल्पाइन उभी राहिली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं कळीचं वळण हेच आहे. अल्पाइनने फ्लॉपीची मर्यादा सोडली, पण तिच्यामुळे लागलेलं वळण मोडलं नाही. रॅममधून चालणं, बिझीबॉक्स आणि छोटी ‘सी’ लायब्ररी (सगळे प्रोग्राम ज्यावर उभे असतात तो सामायिक कोड) हे तिन्ही राहिलं. पुढे क्लाउडवाल्यांना कंटेनरसाठी (प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सामानासह बंद करून चालवायची पेटी) जेमतेम ५ एमबीची प्रतिमा, म्हणजे तयार साचा, हवी झाली तेव्हा अल्पाइन तयारच होती, आणि तिचं नाव झालं ते तिथे. छोट्या बोर्डवाल्यांच्या हे पथ्यावरच पडलं, कारण मोठ्या कंपन्या वापरतात म्हणून तिच्यातल्या चुकांवर अनेकांची नजर असते.

दुसरी फांदी लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरची. त्यात लिनक्स आहे हे उघड झाल्यावर कोड खुला ठेवायला लावणाऱ्या जीपीएल परवान्यानुसार कंपनीला २००३ मध्ये त्याचा मूळ कोड खुला करावा लागला आणि २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स सुरू झाली. तिथे मर्यादा ४ एमबी फ्लॅशची होती. मूळ सिस्टीम दाबून, फक्त वाचता येईल अशी ठेवायची आणि आपले बदल तिच्यावरच्या वेगळ्या थरात, ही त्यांची रीत. तिसरी फांदी बीएसडीची, म्हणजे युनिक्सच्याच दुसऱ्या एका घराण्याची. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीतून वेगळं होऊन ओपनबीएसडी काढलं, आणि सोक्रिस कंपनीच्या छोट्या बोर्डांवर फायरवॉल म्हणून ते अनेकांनी चालवलं. ते बोर्ड आपल्याकडे सहज मिळत नसत. आपल्याकडचा मार्ग बँका-ऑफिसांतून निघालेल्या जुन्या थिन क्लायंटचा (सर्व्हरच्या भरवशावर चालणाऱ्या छोट्या कंप्युटरांचा).

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय विक्रीला आला तो ७०० मेगाहर्ट्झ प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम घेऊन. लिनक्स राउटरच्या काळातल्या ४८६ पुढे ही चैनच. अल्पाइनच्या ‘डिस्कलेस’ पद्धतीत कार्डावर कर्नल, पॅकेजं आणि आपल्या सेटिंगची एक छोटी दाबलेली फाइल एवढंच असतं. बदल टिकवायचा तर ‘एलबीयू कमिट’ ही आज्ञा द्यायची. विसरलात, तर पुढच्या वेळी लाइट गेली की केलेलं सगळं पुसलं. फ्लॉपीच्या बॅकअपचीच ही शिस्त आहे आणि नवख्याला ती जाचते. सोसायटीच्या ऑफिसातली जाहिराती अडवणारी डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी) पेटी किंवा शाळेतला ऑफलाइन विकिपीडिया यासाठी ती उत्तम. सीसीटीव्हीचं चित्रण साठवायचं असेल तर ती चुकीची निवड, कारण तिथे लिहिणं हेच काम. आणि निव्वळ कार्ड वाचवायचं असेल तर रास्पबेरी पायच्या स्वतःच्या सिस्टीममध्येही ओव्हरलेची (बदल कार्डाऐवजी रॅममधल्या थरात ठेवायची) सोय आहे. तेवढ्यासाठी अल्पाइन शिकायलाच हवी असं नाही.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. अल्पाइनने २०१४ मध्ये मसल ही सी लायब्ररी घेतली. ती नेटकी आहे, पण भाषेनुसार अक्षरक्रम लावायची सोय तिच्यात नाही. युनिकोडच्या क्रमांकाने जसा येईल तसा क्रम. त्यामुळे सभासदांची किंवा पुस्तकांची यादी लावली, तर ‘ळ’ आपल्या वर्णमालेतल्याप्रमाणे ‘ह’नंतर न येता ‘ल’च्या लगेच नंतर येतो. अशा यादीसाठी क्रम लावायचं काम आयसीयू ही भाषांचे नियम जाणणारी लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रामकडे द्यावं लागतं. आयसीयूची भाषांची माहिती धरली तर तिचं पॅकेज एकटंच फ्लॉपीच्या कित्येक पट भरतं.