गाजर-रताळ्यात साखर येते कुठून? तीनशे वर्षांच्या शोधाची पार्श्वभूमी

महाशिवरात्र आली की जळगाव, भुसावळ, चोपड्याच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात, आणि रताळं गोड निघालं की आपल्याकडे हमखास म्हणतात, "तापीकाठची जमीन आहे भाऊ, गोड निघणारच." जमीन चांगली लागते यात वादच नाही, भुसभुशीत नसेल तर कंद पोसतच नाही. पण साखर जमिनीतून येत नाही, ती पानात बनते आणि वरून खाली उतरते. एवढी साधी गोष्ट नीट कळायला माणसाला तीनशे वर्षं लागली, आणि मला मनापासून वाटतं की कंदमुळं लावणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत पाहिजे.

सुरुवात इटलीत झाली. १६७० च्या दशकात मार्सेलो माल्पीघी नावाच्या शास्त्रज्ञाने झाडाच्या सालीचं गोल कडं काढून टाकलं आणि वाट बघितली, तर कापाच्या वरची साल फुगली, खालची तशीच राहिली. म्हणजे वरून काहीतरी येतंय आणि तिथे अडतंय. पुढे १८३७ मध्ये जर्मनीच्या थिओडोर हार्टिगला सालीच्या आतल्या भागात चाळणीसारखी भोकं असलेल्या बारीक नळ्या दिसल्या, आपण शाळेत रसवाहिन्या म्हणून शिकतो त्या ह्याच.

साखरवाल्यांची गाडी तोवर वेगळ्याच रुळावर होती. १७४७ मध्ये बर्लिनच्या मार्गग्राफने बीटमधून साखरेचे खडे काढून दाखवले, ते उसाच्या साखरेसारखेच निघाले, मग त्याचा शिष्य आखार्ड याने सायलेशियात कारखाना काढला आणि १८०२ पासून तिथे साखर निघू लागली. तेव्हाच्या बीटमध्ये साखर जेमतेम पाच-सहा टक्के. फ्रान्सच्या लुई द व्हिल्मोरँने १८५० च्या दशकात प्रत्येक कंदाचा थोडा रस काढून त्याची घनता तपासली आणि फक्त गोड कंद बियाण्याला ठेवले, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आज बीट सोळा ते वीस टक्क्यांवर आलंय. साखर कंदात जाते कशी हे माहीत नसताना नुसत्या निवडीवर त्यांनी एवढं साधलं, कमालच आहे.

यातला एक तुकडा खान्देशातल्या माणसाला एकदम जवळचा वाटेल, कारण तो प्रयोग कापसावर झाला. १९२२ च्या सुमारास डब्लिनचे वनस्पतिशास्त्रज्ञ डिक्सन म्हणत होते की बटाट्याला लागते तेवढी साखर या बारीक नळ्यांतून जाणं शक्यच नाही, ती लाकडातूनच जात असणार. त्यांचाच विद्यार्थी मेसन आणि त्याचा सहकारी मॅस्केल यांनी त्रिनिदादला कापसाच्या शेतात रात्रंदिवस पानाचे, सालीचे, लाकडाचे नमुने घेतले आणि १९२८ मध्ये मांडलं की पानातली साखर दिवसा चढली की तिच्या मागोमाग सालीतली चढते, आणि साल कापली की खाली जाणं बंद. गुरूचं म्हणणं शिष्यानेच खोडलं, तेही मोजून मोजून.

पण साखर ढकलतं कोण? १९३० मध्ये जर्मनीच्या एर्न्स्ट म्युंखने उत्तर दिलं. पानाजवळ नळीत साखर भरली की ती शेजारून पाणी ओढून घेते, दाब वाढतो, खाली मुळाशी साखर काढून घेतली जाते म्हणून तिथला दाब कमी, मग सगळा रस आपोआप खाली वाहतो. ठिबकच्या लॅटरलसारखंच, फक्त मोटार नाही, साखरच दाब तयार करते.

आणि हा रस शुद्ध मिळवून दिला कोणी, तर माव्याने! कापसाच्या पानाखाली मावा बसला की खालची पानं चिकट होतात, चमकतात, मग त्यावर काळी बुरशी धरते, मावा सोंडेने बरोबर रसवाहिनीच टोचतो आणि जास्तीची साखर मागून टाकून देतो, तोच हा चिकटा. १९५३ मध्ये केनेडी आणि मिटलर यांनी हेच वापरलं, रस पीत असलेल्या माव्याची सोंड कापली आणि मावा बाजूला काढला, तर सोंडेच्या तुकड्यातून दाबाने रस येतच राहिला, तोही तासन्‌तास. आपण ज्याला शिव्या देतो त्या किडीने हे काम करून ठेवलंय.

साठवणीचं कोडं मात्र अलीकडे सुटलं. साखर नळीत चढवणारं प्रथिन १९९२ मध्ये सापडलं, पेशीबाहेर सोडणारी स्वीट नावाची प्रथिनं २०१० नंतर, आणि बीटच्या पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, साखर कोंबणारं प्रथिन २०१५ मध्ये. कोवळ्या गाजरात आणि बीटमध्ये इनव्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) जोरात असतं, ते आलेली साखर फोडून वाढीला वापरायला देतं, कंद मोठा होत गेला की ते कमी होतं आणि मग साखर साठायला लागते. म्हणून फार कोवळं गाजर तितकं गोड लागत नाही. रताळं साखरेचा स्टार्च करून ठेवतं, आणि निखाऱ्यात हळूहळू भाजताना साठ-सत्तर अंशांच्या आसपास त्याचं स्वतःचंच विकर स्टार्चची माल्टोज साखर करतं. घाईत उकडलेलं रताळं तेवढं गोड होत नाही ते यामुळेच.

आता शेतावरचं बोलायचं तर गुरांना हिरवा चारा म्हणून रताळ्याचे वेल लवकर आणि सपाटून कापले की साखर बनवणारी पानंच जातात, कंद बारीक राहतो. आणि शेवटच्या टप्प्यात युरिया दिला तर नवीन पाला फुटतो, साखर खाली जायच्याऐवजी त्या पाल्यातच खर्ची पडते, बीटवाल्या देशांत उशिरा दिलेल्या नत्राने साखर घटते हे वारंवार दिसून आलंय. तेव्हा वेल काढणीच्या वेळीच कापा, आणि युरिया द्यायचा तर सुरुवातीलाच द्या.