इशाऱ्यानंतरचे मौन आणि उलटतपासणी : पार्श्वभूमी

'इम्पीचमेंट' म्हटले की आपल्याला महाभियोग आठवतो. अमेरिकेच्या फौजदारी खटल्यांत मात्र त्या शब्दाचा नेहमीचा अर्थ आहे साक्ष देणाऱ्याची विश्वासार्हता मोडून काढणे. गुन्हा सिद्ध करायला जो पुरावा चालत नाही, तोही आरोपी साक्षीला उभा राहिला की त्याला खोटे पाडायला चालू शकतो. मिरांडा इशारा (अटकेतल्या माणसाची चौकशी करण्यापूर्वी पोलिसांनी त्याला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगणे) अपुरा देऊन घेतलेला जबाब १९७१ मध्ये याच वाटेने आत आला. मग इशाऱ्यानंतरचे मौन का नको, हा सरकारी पक्षाचा सवाल होता.

या सवालावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिलेल्या निकालामागचे प्रकरण ओहायोतले. खबऱ्याला १० पौंड गांजा विकल्याचा दोघांवर आरोप होता. खटले वेगवेगळे चालले, पण कैफियत एकच होती : विकणारा खबऱ्याच होता, आम्ही कमी माल मागितला तेव्हा त्याने चिडून पैसे गाडीत फेकले. सरकारी वकिलाने विचारले, हे खरे होते तर अटकेच्या वेळीच का बोलला नाहीत? सहा विरुद्ध तीन मतांनी हा प्रश्न गैर ठरला. गप्प राहण्याचा हक्क आहे असे सरकारनेच सांगायचे आणि नंतर तेच मौन अंगावर टाकायचे, हा मूलभूत अन्याय आहे, असे बहुमत म्हणाले. शिवाय इशाऱ्यानंतर गप्प राहणारा हक्क बजावतो आहे की काही लपवतो आहे, हे ठरवता येत नाही. आयत्या वेळी रचलेली कहाणी उघडी पाडायला उलटतपासणी मोकळी हवी, हा अल्पमताचा आक्षेप हलका नव्हता. तरीही दिलेल्या शब्दाचे वजन त्याहून जास्त, हे बहुमताने नेमके ओळखले.

सगळा भार त्या शब्दावर ठेवल्यानेच पुढची फट राहिली. शब्द दिलाच नसेल तर? अटकेपूर्वीचे मौन १९८० मध्ये उलटतपासणीसाठी खुले झाले. १९८२ मध्ये केंटकीतल्या एका प्रकरणात अटकेनंतरचे, पण इशाऱ्याआधीचे मौनही वापरू देण्याची राज्यांना मुभा मिळाली. म्हणजे संरक्षण केव्हा सुरू होणार हे पोलीस इशारा केव्हा देतात त्यावर ठरू लागले. आरोपीच्या हक्काची सुरुवात समोरच्याच्या हाती देणारा हा निकाल मूळ तत्त्वाला सर्वांत जास्त बाधला.

२०१३ च्या टेक्सासमधील प्रकरणात तर आरोपी साक्षीलाही उभा राहिला नव्हता. अटकेपूर्वी, स्वखुशीने पोलिसांशी बोलताना एका प्रश्नावर तो गप्प झाला होता, आणि ते मौन थेट दोषाचा पुरावा म्हणून पुढे आले. हक्क वापरतो आहे असे त्याने तोंडाने सांगायला हवे होते, असे बहुमतातल्या तिघा न्यायमूर्तींनी लिहिले.