सवाईच्या मांडवात गारठा उतरतो तेव्हा

डिसेंबरात पुण्याला दुपारी तापमान २९-३० अंश असतं, पहाटे ते ११-१२ वर येतं, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव नेमका याच दिवसांत, उघड्या मैदानावरच्या मांडवात भरतो. १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशींनी तो आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केला. दुपारच्या पहिल्या कलाकाराला घाम येतो आणि रात्री शेवटच्याची बोटं आखडतात. खरी अडचण मात्र नुसत्या थंडीची नसते. तापमान आणि आर्द्रता भराभर बदलतात, आणि प्रत्येक वाद्य त्या बदलाला वेगळ्या दिशेने उत्तर देतं.

आधी हवेचं पाहू. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते, कारण ती अडवणारे ढग आणि बाष्प दोन्ही कमी असतात. त्यामुळे सूर्य कलल्यापासून पहिल्या काही तासांत पारा सर्वांत वेगाने उतरतो, म्हणजे ऐन मैफलीच्या वेळी. दुपारी ३० अंशांना आर्द्रता ३० टक्के असेल, तर तीच हवा १८ अंशांवर आल्यावर आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जाते आणि १२ अंशांना ९० टक्क्यांच्या आसपास. हवेत बाष्पाचा एक कणही वाढलेला नसतो. गार हवेची बाष्प धरायची ताकद कमी, एवढंच.

याचा पहिला फटका तबल्याला. त्याच्या तोंडावर ताणलेली पुडी बकरीच्या कातड्याची. कातडं ओल शोषतं, सैलावतं आणि तबल्याचा सूर उतरतो. पण मंचावर वरून जुन्या पद्धतीचे हॅलोजन दिवे तापत असतील, तर उलटं होतं : कातडं वाळतं, आक्रसतं, तबला चढतो. विंगेतल्या गारठ्यात लावलेला तबला दिव्यांखाली येऊन दहाव्या मिनिटाला चढू लागला, तर तो वादकाचा दोष नव्हे. उपाय सोपा आहे आणि तरी तो टाळला जातो. वाद्यं निदान अर्धा तास आधी मंचाच्या कडेला, म्हणजे मंचासारख्याच हवेत आणून ठेवायची, पुडीवर जाड सुती कापड घालून. आधी गट्ठे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, ठोकून मोठा फरक काढायचा, मग गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, हातोडीने घरं सारखी करायची. पुडी अजून ओल सोडत असतानाच बारीक सुरावट करत बसलं, तर ते काम पुन्हा करावं लागतं. काळी एक आणि काळी चार या दोन सुरांच्या पुड्यांचे दोन वेगळे तबले सोबत असणं ही चैन वाटते, पण एकाच पुडीला ताणून वरच्या सुरात न्यायचं आणि ती गारठ्यात रात्रभर तशीच टिकेल म्हणायचं, हे धाडसच.

तारांचं गणित वेगळं. पोलादी तार थंडीत आकुंचन पावते, ताण वाढतो, सूर चढतो. लाकडी दांडीही थोडी आखडते, पण तारेपेक्षा कमी. सतारीच्या बाजाच्या, म्हणजे मुख्य वाजवायच्या, तारेचा हिशेब केला तर १२ अंशांच्या घसरणीला सूर अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या हिश्श्याने वर जातो. कानाला तो स्पष्ट कळतो. तानपुऱ्यात खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, पितळी तार जोडीच्या तारांपेक्षा जास्त हलते, कारण पितळ पोलादापेक्षा जास्त आकुंचन पावतं आणि ही तार मुळात कमी ताणलेली असते. त्यामुळे मैफलीच्या मध्यात तानपुरा तपासायचा तर सुरुवात खर्जापासून करावी, आणि खुंटीला हात न लावता आधी तारेतल्या मण्याने जमतंय का पाहावं. लाकूडही ओल घेतं, खुंटी भोकात फुगून अडकते आणि जोर केला की एकदम जास्त फिरते.

बासरीची तऱ्हा नेमकी उलटी. तिचा सूर आतल्या हवेतल्या ध्वनिवेगावर ठरतो. ध्वनी ३० अंशांना सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो, १८ अंशांना ३४२. म्हणजे बासरी हिशेबाने अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याने उतरते. वाजवणाऱ्याचा गरम श्वास आत खेळत असल्याने प्रत्यक्षात कमी, पण लांब आलापानंतर दोन मिनिटं बाजूला ठेवलेली बासरी पुन्हा उचलली की उतरलेली सापडतेच. ती शालीखाली, अंगाजवळ ठेवावी आणि वाजवण्याआधी सूर न काढता आत सावकाश फुंकून घ्यावं. आता सतार चढलेली, बासरी उतरलेली आणि तबला दिव्यांच्या मर्जीवर : या तिघांना एकमेकांशी जुळवत बसलं तर सूर सरकतच राहतो. संवादिनीच्या (हार्मोनियमच्या) आतल्या धातूच्या पट्ट्यांवर तापमानाचा परिणाम नगण्य असतो. संदर्भ तिचा धरावा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा.

ध्वनियंत्रणेवरही हाच ध्वनिवेग परिणाम करतो. मंचापासून ६० मीटरवर लावलेल्या स्पीकरला आवाज मुद्दाम उशिरा सोडावा लागतो, नाहीतर मागच्यांना तो दोनदा ऐकू येतो. दुपारी बसवलेला हा उशीर रात्री साडेतीन मिलिसेकंदांनी चुकतो आणि आवाज पोकळ वाटू लागतो. यंत्रावर तापमानाचा आकडा बदलला की दुरुस्ती होते, फक्त कुणीतरी सूर्यास्तानंतर तो बदलायला हवा. रात्री जमिनीलगत गार आणि वर उबदार हवा असे थर बनतात. त्यांत ध्वनी खाली वाकतो आणि नेहमीपेक्षा लांबच्या सोसायटीपर्यंत पोचतो. तक्रारी रात्री वाढतात त्यामागे शांततेबरोबर हेही कारण आहे.

श्रोत्यांनी अंदाज पाहताना एक लक्षात ठेवावं : ‘पुण्याचं तापमान’ असा एकच आकडा नसतो. शिवाजीनगर आणि मगरपट्टा यांच्यात एकाच पहाटे चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो. भारतीय बैठकीत बसणाऱ्याला थंडी शालीच्या वरून कमी आणि सतरंजीच्या खालून जास्त लागते, कारण ओलसर माती उष्णता हवेच्या कितीतरी पट वेगाने ओढते. दुसरी शाल आणण्यापेक्षा ८-१० मिलिमीटर जाडीचा, योगासनाच्या चटईसारखा फोमचा तुकडा बुडाखाली घ्यावा. त्यातल्या बंद बुडबुड्यांतली हवा काम करते. दुपारी घामाने भिजलेला सुती सदरा मात्र संध्याकाळीच बदलावा, त्यावर कितीही लोकर चढवली तरी ओल अंगाला गार करत राहते.

आणि पाऊस. २०१४ च्या डिसेंबरात अवकाळी पावसाने महोत्सव पुढे ढकलावा लागला आणि तो जानेवारीत झाला. त्यामुळे ‘डिसेंबरात कुठला पाऊस’ हे म्हणणं बाद. ताडपत्रीचं छत सपाट बांधलं की पाणी साचतं : एक चौरस मीटरवर १० सेंटिमीटर म्हणजे १०० किलो. उतार तीन फुटांना एक फूट तरी हवा. साचलेलं पाणी खालून मधोमध बांबूने ढकलू नये, ते शेजारच्या खणात जाऊन तिथला दोर तोडतं. आधी खालची माणसं उठवावीत, मग कडेकडून ओतावं. वारा ताशी ४० किलोमीटर झाला की कनातीच्या, म्हणजे मांडवाच्या कापडी भिंतीच्या, प्रत्येक चौरस मीटरवर साडेसात किलोंच्या आसपास दाब पडतो, ८० ला तो चौपट होतो. म्हणून वादळी वाऱ्यात कनाती आवळण्याऐवजी सोडून द्याव्यात. वायरींचे जोड जमिनीवर नकोत, विटांवर किंवा खांबाला बांधून हवेत, आणि मंचाच्या वीजमंडलात ३० मिलिअँपियरचा गळती-प्रवाह तोडणारा स्विच हवाच.

तबला भिजलाच तर कोरड्या सुती कापडाने टिपून घ्यावा आणि सावलीत, हवेशीर जागी दिवसभर ठेवावा. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवला तर कातडं झपाट्याने आक्रसतं आणि शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या ठिपक्याला, तडे जातात. ती पुडी मग बदलावीच लागते.