पहाडी स्नोमोबाईल: १००० सीसीवरून ८०० वर माघार का घेतली

इंदूरहून हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन आलेली मंडळी हमखास विचारतात, की बर्फावर रबरी पट्ट्याने धावणाऱ्या स्नोमोबाईलचे एवढे गर्जणारे इंजिन वर चढताना मलूल का होते. इंदूर सुमारे ५५० मीटरवर, गुलमर्ग २,६५० वर. दर ३०० मीटरला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले इंजिन साधारण ३ टक्के ताकद गमावते. खाली १५० अश्वशक्ती देणारे यंत्र ३,००० मीटरवर जेमतेम १०५ देते, आणि तेवढ्यातच त्याला कमरेएवढा भुसभुशीत बर्फ कापायचा असतो.

१९५९ साली बाजारात आलेल्या पहिल्या हलक्या स्नोमोबाईल सपाट मैदानासाठी होत्या. खास डोंगरासाठी बांधलेली मॉडेले १९९० च्या दशकात रुळली. खालचा रबरी ट्रॅक १३६ इंचांवरून वाढत १५० आणि पुढे १७० च्या वर गेला, त्यावरचे दाते तीन इंचांपर्यंत उंच झाले. बर्फावर तरंगायला हे उत्तम, पण लांब ट्रॅक फिरवायलाही ताकद खर्च होते. ती भरून काढायला इंजिने फुगत गेली.

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात ९०० आणि १००० सीसीची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक इंजिने आली आणि काही वर्षांतच डोंगरातून मागे हटली. यावर अजून वाद होतो. मोठ्या इंजिनाचे चाहते म्हणतात, उत्सर्जनाच्या नियमांनी ती मारली. अमेरिकेत २००२ मध्ये नियम ठरले आणि २००६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले, हे खरे. पण खरे कारण पिस्टनमध्ये होते. १००० सीसीच्या जोडीत एकेक पिस्टन ५०० सीसीचा. माथा रुंद, मधली उष्णता कडेला पोचायला वेळ लागतो. ज्योतीलाही लांब पल्ला गाठावा लागतो, म्हणून डिटोनेशनचा, म्हणजे मिश्रण ज्योत पोचण्याआधीच भडकण्याचा, धोका वाढतो आणि माथ्याला भोक पडते. दोन जड पिस्टन आळीपाळीने वरखाली होतात तेव्हा क्रँक, म्हणजे त्यांना जोडलेला फिरता दांडा, टोकाटोकाला डोलते. ते सावरायला जाड क्रँक, दणकट माउंट, मजबूत चासी (सांगाडा) लागते, आणि हे सगळे वजन नेमके नाकावर बसते. नाक जड झाले की चढावर वळताना यंत्र बर्फात रुतते. २००३ च्या मॉडेलपासून आलेल्या, रेसिंग धाटणीच्या मोटारसायकलच्या ९९८ सीसी फोर-स्ट्रोक इंजिनाचेही दुखणे हेच. ते वर्षानुवर्षे न खोलता चाले, पण भुसभुशीत बर्फात नाक वर उचलणे चालवणाऱ्याच्या खांद्यांवर येई.

८०० वर येणे म्हणजे ताकद सोडून देणे नव्हते. वजन इंजिनाबाहेर कापायचे ठरले, आणि माझ्या मते या धंद्यात घेतलेला तो सर्वांत शहाणा निर्णय होता. २०११ च्या एका मॉडेलचे कोरडे वजन सुमारे १९५ किलोवर आले. कोरडे म्हणजे पेट्रोल, तेल, कूलंट वगळून. टाकीतले ४० लिटर पेट्रोलच ३० किलोच्या आसपास भरते, हे तुलना करताना विसरू नये. २०१३ मध्ये ट्रॅककडे ताकद नेणारा साखळीचा डबा काढून दातेरी बेल्ट बसवला. वजन उतरले, पण सुरुवातीला ते बेल्ट तुटण्याच्या तक्रारी आल्या. ८०० मध्येही काही पिस्टनचे स्कर्ट (खालची बाजूची भिंत) लवकर झिजत. थंड सिलिंडरमध्ये पिस्टन आधी फुगतो आणि घासतो, म्हणून कूलंट कोमट होईपर्यंत थ्रॉटल दाबू नये.

कार्बोरेटरच्या काळात उंचीवर लहान जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) लावत. तोच जेट ठेवून खाली उतरले की मिश्रण लीन होई, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडे, आणि पिस्टन जळे. हवेचा दाब मोजणाऱ्या इंजेक्शनने हा त्रास संपवला. धूर बाहेर सोडणारे छिद्र, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, बंद होत आल्यावर थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या पद्धतीने कच्चे पेट्रोल बाहेर जाणेही घटले. २०१७ च्या मॉडेलपासून ८५० सीसी आणि १६५ अश्वशक्ती मिळाली. २०२० च्या मॉडेलपासून या टू-स्ट्रोकला कारखान्यातूनच टर्बो आला. त्याचे काम ताकद वाढवण्याचे नव्हते. तीच १६५ अश्वशक्ती सुमारे २,४०० मीटरपर्यंत टिकवण्याचे होते. पुढे १८० चीही मॉडेले निघाली.

पीथमपूरला बनलेली कायनेटिक होंडा स्कूटर ज्यांनी खोलली आहे, त्यांना इथला क्लच परका वाटणार नाही: रोलरच्या जागी फिरत्या भुजा आणि बेल्ट कितीतरी रुंद, तत्त्व तेच, गिअरिंग आपोआप बदलण्याचे. टर्बो नसेल तर उंचीवर भुजांची वजने कमी करावी लागतात, नाहीतर क्लच लवकर वरच्या गिअरिंगला जातो आणि इंजिन आपल्या ८,००० च्या आसपासच्या आरपीएमला पोचतच नाही. टर्बोवाल्या यंत्रात ताकद टिकते, म्हणून वजनांना फारसा हात लावावा लागत नाही. ताण मात्र बेल्टवर येतो. नवा बेल्ट पहिले ५० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल न देता चालवावा, आणि जुना परत चढवताना त्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे पाहावे. तुटलेल्या बेल्टचे धागे सेकंडरी क्लचमागे (बेल्टच्या दुसऱ्या टोकाच्या पुलीमागे) गुंडाळले जातात. ते न काढता नवा बेल्ट चढवला तर सील फाटते.