भिगवणच्या थव्यातला दांडगा कुरव

भिगवणला माणसं जातात ती रोहित (फ्लेमिंगो) बघायला. उजनी धरणाच्या काठी चिखलात बसलेल्या पांढऱ्या-करड्या कुरवांकडे, म्हणजे गल पक्ष्यांकडे, नावाडीही फारसं बोट दाखवत नाहीत. पॅलस गल हा दुर्मिळ पाहुणा मात्र त्याच गर्दीत सापडतो. अट एकच, नेहमीचे चेहरे आधी पाठ हवेत.

हिवाळ्यात इथे बहुतेक कुरव दोन जातींचे, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. थंडीत दोघांचंही डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे जेमतेम एक काळपट ठिपका उरतो. म्हणून डोक्याच्या नादी लागू नये, डोळा बघावा: प्रौढांत पहिल्याचा फिकट, दुसऱ्याचा गडद.

या थव्यात क्वचित एखादा पक्षी शेळ्यांच्या कळपात म्हैस बसावी तसा दिसतो. शेजारी ४० सेंटीमीटरच्या आसपास, हा ६० ते ७०. हाच पॅलस गल. पण नुसत्या आकारावर शिक्कामोर्तब करणं घाईचं ठरतं, कारण कोकण किनाऱ्यावरचा ह्यूग्लिन गलही जवळपास तेवढाच मोठा असतो आणि कधीमधी आतल्या धरणांवर येतो. इथे दुर्बीण चोचीवर रोखावी. पॅलसची चोच लांब, जाड, पिवळी. टोकाकडे काळा पट्टा आणि लाली. कपाळ उतरतं, डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कोरी. फेब्रुवारी-मार्चपर्यंत बऱ्याच प्रौढांचं डोकं कुळकुळीत काळं होतं, मग तर वादच नको.

खरी कसोटी लहान वयाच्या पक्ष्याची. प्रौढ पिसारा यायला याला चौथं वर्ष उजाडतं. पहिल्या हिवाळ्यात पाठ करडी होऊ लागलेली, पंखांवर तपकिरी चट्टे, आणि पांढऱ्याशुभ्र शेपटीच्या टोकाला रेखीव काळा पट्टा. त्याच वयाचा ह्यूग्लिन पाठीवर तपकिरी खवल्यांचा असतो. शेपटी बसल्याजागी नीट दिसत नाही, त्यामुळे पक्षी उडेपर्यंत थांबावं आणि पंख उघडल्याचा फोटो घ्यावा. प्रौढ पॅलसची पंखटोकं बरीचशी पांढरी, काळा रंग थोडकाच. ह्यूग्लिनची ठसठशीत काळी.

पॅलसची वीण होते काळ्या समुद्रापासून मंगोलियापर्यंतच्या तळ्यांवर, बहुधा बेटांवर. चीनमधल्या छिंगहाई सरोवरावरही त्याची वसाहत आहे. तिथे २००५ साली बर्ड फ्लूने हजारो जंगली पक्षी मेले, त्यांत पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस), तपकिरी डोक्याचे कुरव आणि पॅलस गल होते. या तिन्ही जाती हिवाळ्यात उजनीवर दिसतात.